नूरीच्या पाठीवरच्या खपल्या

१४ जुलै
नूरीच्या पाठीवर हात फिरवला. पावसानं चिकटलेले केस वाटले, तर खपल्या! मानेपासून शेपटीपर्यंत. दूध निम्मंच दिलं. चाऱ्याला तोंडही लावलं नाही बिचारीनं.

१५ जुलै
शेजारचे दयारामकाका कुंपणापलीकडूनच ओरडले, "लम्पी हाय ती! आमच्या गाईंना लागंल. माळावर नेऊन बांध."
आजारी जनावर, भर पावसात? नाही नेणार. अबरारनं शिडी काढली. गोठ्याच्या गळक्या कौलांवर ताडपत्री टाकून आला. वीस वर्षांच्या संसारात माणूस असाच बोलतो!

१६ जुलै
पनवेलहून जनावरांच्या डॉक्टर संजना मॅडम आल्या. ताप पाहिला – नाही. खपली ओढली तर केसांचा झुबकाच हातात आला, रंगाच्या ब्रशासारखा. खाली लाल, ओलं. नूरी थरथरली. मी तिच्या कानाशी बोलत राहिले.
"लम्पीच्या गाठी कातडीत खोल असतात. हे वरचं आहे. तरी तपासून सांगते." खपली डबीत घालून नेली.

१७ जुलै
लम्पी नाही! अंग सतत ओलं राहून जिवाणू वाढलेत. इंजेक्शनं सुरू. औषधाच्या पाण्यानं खपल्या भिजवून काढायच्या, अंग कोरडं ठेवायचं, दूध कुणाला द्यायचं नाही. "हातमोजे घालूनच हं!"

२१ जुलै
आज हसू आवरेना. जास्मीननं लग्नासाठी आणलेला हेअर ड्रायर गोठ्यात आणला! "अम्मी, माझ्याआधी हीच नवरी." नूरी आधी दचकली, मग डोळे मिटून उभी.
हातमोज्यांनी खपल्या नीट निघत नाहीत. काढून टाकले.

२९ जुलै
पाठीवर कोवळे केस! दयारामकाका सुका पेंढा घेऊन आले. "तिच्याखाली टाक, पोरी." एवढंच. नूरीला लांबूनच बघून गेले.
माझ्या मनगटावर फोड आलेत.

३० जुलै
फोड दाखवायला माणसांच्या डॉक्टरांकडे गेले, गाईचं सगळं सांगितलं. गोळ्या लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "पाळी वेळेवर येते ना?"
म्हटलं, वय झालं आता, चुकते.
त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग या गोळ्यांआधी एक तपासणी करू."

३१ जुलै
पावसाळा सरला की मुलीचं लग्न, आणि आईला दिवस! अबरार ऐकून ओट्यावर बसलाच. जास्मीन लाजून पळाली – आणि परत येऊन माझ्या पोटाला बिलगली.