दादाच्या गाडीचा शाफ्ट

३ जून
दादाचा आज भयंकर राग आला. जुन्या गाडीत सहाशे हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं आणि ड्राइव्हशाफ्ट मात्र मूळचाच ठेवून हा माणूस गेला. एवढी ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणार कोण, तर ते नळकांडं! पहिल्याच दणक्यात काडीसारखं मोडेल. कामं अर्धवट टाकून मरायची ही कुठली पद्धत?
वहिनी म्हणतात, महिनाअखेरपर्यंत गाडी चालली नाही तर विकणार. गिऱ्हाईक तिचे सुटे भाग करणार आहे. नीच माणूस.
निश्चय: शाफ्ट मी निवडणार. मला गाडी चालवता येत नाही, हा मुद्दा वेगळा.

५ जून
अॅल्युमिनियम हलकं. कार्बन फायबर म्हणजे शेवटी कापडच. जाड पोलादी नळी, दोन्ही टोकांना सर्वांत दणकट सांधे. या घरात आता काही तुटता कामा नये.

८ जून
माप घेतलं. गॅरेजचा मिस्त्री म्हणाला, साहेब, आधी गाडी स्टँडवरून खाली घेऊ. खेकसलो त्याच्यावर. दादाने टांगून ठेवली, तशीच राहील.
शाफ्टवाल्याने फोनवर विचारलं, चाकं जमिनीवर होती ना? मी पदवीधर असल्याचं सांगितलं. माप लिहून घेतलं त्याने.

११ जून
वहिनी म्हणाल्या, भावजी, जेवता ना नीट? मी सांध्यांबद्दल बोलत होतो. कुणी ऐकतच नाही. मी दुःखात वगैरे नाही. कामात आहे.

२४ जून, सकाळ
शाफ्ट आला. बसवला. तंतोतंत! मिस्त्रीला म्हटलं, बघ.

दुपार
मिस्त्री गाडी खाली घेता घेता मध्येच थांबला. चाकांवर वजन आलं की मागच्या चाकांचा अॅक्सल वर सरकतो, गिअरबॉक्सपासूनचं त्याचं अंतर कमी होतं. शाफ्ट लांब पडतोय. आणखी खाली घेतली तर गिअरबॉक्स फुटेल. म्हणे, ओझं स्वतःच्या पायांवर असतानाच गाडीचं माप घ्यायचं असतं. मग आधी सांगायला काय झालं होतं? सांगितलं होतं म्हणे. उद्धट.
आखूड करून द्यायला शाफ्टवाला महिना मागतो. चोर सगळे.

३० जून
गिऱ्हाईक उद्या येणार. गाडी हवेतच. मिस्त्रीने इंजिन सुरू करून गिअर टाकून दिला. मी दादाच्या जागेवर. वहिनी शेजारी येऊन बसल्या, जिथे मी बसायचो तिथे. मागची चाकं गरगर फिरली. गाडी जागची हलली नाही.
वहिनींनी विचारलं, कुठे निघालो, भावजी? म्हटलं, तुम्ही म्हणाल तिथे. मग त्यांना रडू फुटलं. मी अॅक्सिलरेटर दाबला, इंजिन गरजलं. कोण रडतंय ते मिस्त्रीला कळायची गरज नव्हती.
शाफ्ट तुटला नाही. मी म्हटलंच होतं.