नरम पडलेला पाईप

अहो,

आधी "प्रिय" लिहिलं आणि खोडलं. जन्मभर ज्या माणसाला कधी नावानं हाक मारली नाही, त्याला आता एकदम प्रिय काय म्हणायचं! तुम्ही असता तर चष्मा कपाळावर नेऊन विचारलं असतं, "तब्येत बरी हाय ना?"

नाही बरी. सकाळपासून एका जागी बसवत नाही. चूल पेटवली नि विझवली, ओसरीत गेले, परत आत आले. शेवटी आपल्या बसूच्या पोराची जुनी वही काढली आणि लिहायला बसले.

आज खंडेनवमी. तुम्ही गेल्यानंतरची पहिली. पूजेला अवजारं लागतात म्हणून तुमची लोखंडी पेटी उघडली. जीप विकून किती वर्षं झाली, तरी पाने-पकडी तेल लावून ठेवलेल्या! एकेक पुसून पाटावर मांडली, विभूती लावली. आणि पेटीच्या तळाला तुमच्या जुन्या धोतरात बांधलेलं गाठोडं निघालं.

मला वाटलं, असेल काही मौल्यवान. निघाले काय, तर झिजके पट्टे, प्लग, ब्रेकची रबरं! प्रत्येकाला तारेनं चिठ्ठी बांधलेली. "फॅनबेल्ट. चांगला होता. खंडेनवमीला काढला." "प्लग. चालू होते. काढले." तुमचं ते बारीक, मुंग्यांच्या रांगेसारखं अक्षर. मी हसले हो, खरंच हसले.

सगळं मुरुड गाव हसायचं तुम्हाला. लोक दसऱ्याला गाडीला हार घालतात, तुम्ही आदल्या दिवशी तिचं पोट उघडून बसायचात. बिघडलेलं नसायचं काही. "पुढल्या दसऱ्यापतुर टिकंल का? न्हाई वाटत ना? मंग आजच काढ." स्टँडवरचे ड्रायव्हर म्हणायचे, "शिवाप्पा, गाडीला सालोसाल नवीन करतोस, बायकोला एक लुगडं तरी घे की." तुम्ही म्हणायचात, "लुगडं रस्त्यात बंद पडत न्हाई." मला राग यायचा, आणि खरं सांगू? थोडा अभिमानही वाटायचा. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यातला माझा नवरा नव्हता.

मग हातात तो पाईप आला. रेडिएटरचा. उभा चिरलेला. त्याची चिठ्ठी वाचली आणि तेव्हापासून मी अशी भिरभिरते आहे.

"पाईप. लातूरच्या वाटेत फुटला. चुकी माझी."

खोटं! अहो, स्वतःच्या पेटीत, जिथं दुसरं कुणी बघणार नव्हतं, तिथंही खोटं लिहून ठेवलंत? कुणासाठी?

तो दुष्काळ तुम्ही विसरला नव्हता, मीही नाही. लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, जो तो म्हणायचा आता इथंच नोकऱ्या लागणार. आणि पावसानं मात्र पाठ फिरवलेली. खंडेनवमीलाच आपली विहीर तळाला गेली होती. पहाटे उठून हातपंपावर दोन तास उभी राहायचे तेव्हा दोन घागरी मिळायच्या. तुम्ही बॉनेट उघडून म्हणालात, "शांते, पाईप नरम पडलाय. बोटानं दाबला की आत जाऊन राहिला. बदलतो. जरा दोन घागरी दे."

"दोन घागरी? कशाला?"

"पाईप काढला की सगळं पाणी जातंय. आतला गंज धुवून काढावा लागतो, मंग नवं भरायचं."

"निघालेलं पाणीच परत वता की!"

"गंज परत पाजू व्हय तिला?"

मी कमरेला पदर खोचला होता, अजून आठवतं. म्हणाले, "लेकरं तोंडाला पाणी लावून झोपतेत आन् तुम्ही मातीत वतता? यंदा न्हाई. चाललंय न्हवं? चालू द्या." तुम्ही बॉनेट बंद केलंत. नवा पाईप कागदात होता तसा गुंडाळून सीटखाली ठेवलात. होळी गेली, पाणी आणखी आटलं, तुम्ही परत विचारलंच नाही. का नाही विचारलंत? एकदा भांडायचं तरी!

आणि वैशाखात दाजींना नोकरीचं बोलावणं आलं. अक्कांचा मालक, सातवी शिकलेला साधा माणूस. नव्या कचेरीत शिपायाची जागा, सकाळी दहाला मुलाखत. अक्का म्हणाल्या, "एसटीचा भरवसा न्हाई, माझ्या भावाची गाडी हाय ना! ती कवा बंद पडत न्हाई." दोघं पुढच्या सीटवर बसले. अक्कांनी दाजींचा सदरा रात्रीच उशीखाली घडी घालून ठेवला होता.

निम्म्या वाटेत पाईप फुटला. नवा बसवायला तुम्हाला पाव तास लागला. पण पाणी? अक्कांच्या तांब्यातलं ओतलं, ते गाडीला चूळ भरायलाही पुरलं नाही. तुम्ही उन्हात या वस्तीवरून त्या वस्तीवर हिंडलात. विहिरी कोरड्या, टँकरला नंबर लावलेल्या बायका. शेवटी एका म्हातारीनं आपल्या घरातली भरली घागर तुमच्या हातात दिली. ओळख ना पाळख, आणि तिनं दिली. मी घरची, मी दिली नव्हती. जीप असेपर्यंत दर दसऱ्याला तुम्ही तिच्या दारात आपट्याचं सोनं द्यायला थांबायचात, आणि मी गाडीत मान खाली घालून बसायचे.

कचेरीत पोचलात तेव्हा दुपार झाली होती. दाजींचं नाव पुकारून झालं होतं.

पुढचं तुम्ही बघितलंच. दाजी नांदेडजवळ विष्णुपुरीच्या धरणावर कामाला गेले, दगडा-सिमेंटात, उन्हात. पन्नाशी गाठली नाही. अक्का नांदेडातच राहिल्या. त्या मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी आपल्या ओसरीत त्या तुम्हाला म्हणाल्या, "बारा गावच्या गाड्या नीट करतोस, आन् माझ्याच टायमाला तुला फिकीर न्हवती?" मी दाराआड उभी होते. तुम्ही एकदाच माझ्याकडं बघितलंत. म्हणालात, "माझ्या हातनं राहून गेलं, अक्का."

मी पुढं यायला हवं होतं. आले नाही. भीती वाटली हो. नणंद काय म्हणेल, सासू काय म्हणेल. नंतर वाटलं, उद्या सांगू. तो उद्या चाळीस वर्षं आला नाही.

अक्का भाऊबीजेला आल्या, लग्नाकार्याला आल्या, पण तुमच्या गाडीत पुन्हा पाय ठेवला नाही. एसटीनं यायच्या. तुम्ही जीप घरी उभी करून चालत स्टँडवर जायचात, त्यांची पिशवी घ्यायचात, आणि भाऊ-बहीण दोघं न बोलता चालत यायचात. पुढं बसूनं गाडी घेतली तरी तेच. किती वेळा बघितलं मी ते दारातून! आणि तोंडाला कुलूप.

आता ऐका. परवा अक्कांचा फोन आला. म्हणाल्या, "दसऱ्याला बसूची गाडी पाठव. येते मी. गेलेल्या मानसावर किती दिवस रुसायचं? केलं मी त्याला माफ." घरात सगळ्यांना केवढा आनंद! मी मात्र उठून आत गेले. कसली माफी? ज्यानं काही केलंच नाही त्याला माफ करून त्या गाडीत बसणार, आणि जिनं केलं ती शेजारी बसून त्यांना पानसुपारी देणार?

आज पाईप सापडल्यावर बसूला सांगितलं सगळं. तो म्हणाला, "आई, आता कशाला उकरून काढतीस? म्हातारी खूश हाय, राहू दे की." चाललंय ना, चालू दे! माझंच बोलणं त्याच्या तोंडून ऐकलं.

मग मी त्याला गाडीचं बॉनेट उघडायला लावलं. "मागच्या महिन्यात तर दाखवली, आई!" म्हणत होता. मी स्वतः बोट लावून पाईप दाबला. आत गेला! स्टँडवरून मिस्त्री बोलावला. यंदाही टँकर आठ दिवसांनी येतो, तरी दोन घागरी भरून त्याच्याजवळ नेऊन ठेवल्या. तो म्हणाला, "मावशी, आता हिरवं कूलंट भरतेत, पाणी न्हाई लागत." म्हटलं, "गंज धुवायला लागतं का न्हाई? वत गुमान." त्यानं धुतलं. लाल पाणी अंगणातून वाहत गेलं आणि मी ओसरीच्या खांबाला धरून रडले. मिस्त्री घाबरला बिचारा. त्याला वाटलं, पाण्यासाठी रडते.

जुन्या चिठ्ठीवरचं तुमचं अक्षर मी खोडलं नाही. त्याच्याखाली लिहिलं, "पाणी मी दिलं नाही. शांता." आणि चिठ्ठी परत पाईपाला बांधली.

उद्या नांदेडला जाताना तो पाईप माझ्या पिशवीत असेल. अक्कांनी गाडीत पाय ठेवायच्या आधी, त्यांच्या दारातच मी त्यांना सगळं सांगणार आहे, शब्द देते. मला काय बोलायचं ते बोलोत. आणि ऐकून त्या म्हणाल्या, "मला एसटीनंच येऊ दे," तर मीही त्यांच्याबरोबर एसटीनं येईन. मुरुडच्या स्टँडवर उतरून घरापर्यंत चालत येऊ. पिशवी मी धरीन.

तुमची,
शांता