जाड कातडीचा

ती. ताईस,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देत असतील अशी आशा आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त डोकं तापलंय, आणि त्याला कारण तुझी ती इंग्रजी भाषा. (जन्मभर शिकवलीस, म्हणून तुझी म्हणतो.)

मी वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रारींच्या खिडकीवर बसतो हे तुला ठाऊकच आहे. लोक येतात, मशीन बिघडलं म्हणून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, आणि मी त्यांना पाणी देऊन तक्रार लिहून घेतो. परवा आमच्या नव्या साहेबबाईंनी सगळ्या शाखांच्या लोकांसमोर मला उभं केलं आणि हसत हसत इंग्रजीत सांगितलं, की हे गृहस्थ अगदी 'थिक-स्किन्ड' आहेत. टाळ्या पडल्या. मीही मान लववली. (क्षणभर वाटलं, या वयातही चेहऱ्यावर सुरकुती नाही म्हणून कौतुक असेल.) जागेवर येतोय तोच हिशेबनीस कानाशी लागला, "गेंड्याची कातडी म्हणाल्या तुम्हाला. निर्लज्ज."

ताई, तळपायाची आग मस्तकात गेली. एका आजोबांनी मशीनमध्ये फाटलेला सदरा माझ्या तोंडावर फेकला होता, त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नव्हतो. तडक बाईंच्या खोलीत शिरलो आणि म्हणालो, "मलाही लागतं. मी दाखवत नाही इतकंच. उद्यापासून खिडकीवर दुसरा गेंडा बसवा." त्या काही बोलू लागल्या, मी ऐकून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझी रवानगी तळघरात, सुट्या भागांच्या कोठारात झाली आणि खिडकीवर हिशेबनीस बसला. दुपारपर्यंत त्याने एका गिऱ्हाइकाशी भांडून काच खाली ओढली आणि रडवेला होऊन माझ्या रबरी नळ्यांच्या ढिगाआड येऊन लपला. पाठोपाठ बाई आल्या. खोक्यावर बसल्या आणि समजावू लागल्या, की दुसऱ्याचं दुःख ज्याला जाणवतच नाही त्याला हा शब्द लावला तर ती शिवी. पण लोकांचे शब्द झेलून जो काम बिघडू देत नाही, त्याला लावला तर शाबासकी. सगळा तक्रार विभाग त्या माझ्या हाती देणार होत्या, म्हणून तर उभं केलं होतं.

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुम्ही बोलू दिलंत का?"

शिवी आणि शाबासकी एकाच शब्दात कोंबणारी ही कसली भाषा, आणि ती तू पोरांना पट्टी मारून शिकवलीस. मी अजून रागावलेलाच आहे, फक्त कुणावर ते ठरत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. तक्रार विभागाच्या प्रमुखाची ती जागा अजून रिकामी आहे. मला ती मान्य असल्याचं एक झकास इंग्रजी पत्र ताबडतोब लिहून पाठव. ताठ असावं, पण उद्धट नको. कातडीचा उल्लेख कुठेही नको.

ता. ता. क. तळघरातून जिना चढताना बाई मला 'थिन-स्किन्ड' म्हणाल्या. जाड ही शिवी असेल तर पातळ ही स्तुतीच असणार, म्हणून मी आभार मानले. बरोबर ना?

आणखी एक. भाचीच्या लग्नातल्या फोटोत तू मला मागच्या रांगेत उभं केलंस, तेव्हापासून मी तुझ्याशी बोलत नाही. हे पत्र त्यात धरू नये.