अंगठा ओला न करता लिहिलेलं पत्र

तीर्थरूप ताईस,

तुझ्या शेपटाचा शिरसाष्टांग नमस्कार आणि पंचाहत्तराव्या वाढदिवसाच्या पोतंभर शुभेच्छा. (लहानपणी तू जाशील तिथे मी मागे मागे यायचो म्हणून तू ठेवलेलं हे नाव मी त्रेसष्टाव्या वर्षीही निमूटपणे वापरतो, याची नोंद घ्यावी.) तुझी तब्येत कशी आहे, हे पत्रात विचारायचं असतं म्हणून विचारत नाही, खरंच विचारतोय. खोकला पूर्ण गेला का? जिना चढताना दम लागतो का? डॉक्टरांनी दिलेलं ते फुंकायचं यंत्र रोज फुंकतेस, की सूनबाई बघत असेल तेवढ्यापुरतं तोंडाला लावून ठेवतेस? मी तुला ओळखतो, म्हणून विचारलं. माझी प्रकृती उत्तम आहे. म्हणजे आज सकाळपर्यंत होती. ते ओघात येईलच.

मुद्द्याचं आधी सांगून टाकतो, म्हणजे पत्र वाचता वाचता तुझा राग उतरायला वेळ मिळेल. आज मी केक कापायला तुझ्या घरात येणार नाही. थांब, पत्र फाडू नकोस. मला कळायला लागल्यापासून तुझा एकही वाढदिवस मी चुकवलेला नाही. अंगावर गोवर असतानासुद्धा मी तुझ्या मैत्रिणींच्या घोळक्यात ठाण मांडून बसलो होतो. (पुढच्या आठवड्यात त्यातल्या तिघी अंथरुणाला खिळल्या, हे आई शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची. मला त्यात तेव्हा माझं कर्तृत्व वाटायचं.) असा मी आज घरात पाऊल टाकत नाही म्हणजे कारण तसंच असणार. पण ते समजायला तुला माझ्याबरोबर चार महिने मागे, आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात यावं लागेल.

मालकांच्या टेबलामागचा फळा तुला माहीत आहे. निदान मी त्याच्याबद्दल इतक्या वेळा सांगितलं आहे की तुला तो पाठ असणार. 'एकही रजा न घेतलेले कर्मचारी' असं वर रंगवलेलं आणि खाली एकच नाव, माझं, एकतीस वर्षं. दर सोमवारी मी तो फळा माझ्या रुमालाने पुसत असे. (तोच रुमाल मी नाकालाही वापरतो, हे घडीवाल्या बाईंनी नंतर चारचौघांत सांगितलं. गरज नव्हती.) ताप असो, घसा बसलेला असो, डोळे आलेले असोत, मी हजर. कुणी सर्दीसाठी रजा मागितली की मी नाक उडवायचो. तेही सर्दीने गच्च भरलेलं.

माझं काम तू पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगतो. छापखान्यातून कागदांचे गठ्ठे येतात. ते पहिल्यांदा माझ्या टेबलावर. मी एकेक कागद मोजतो आणि डागाळलेला दिसला की बाजूला काढतो. मोजायची पद्धत अशी की अंगठा जिभेला, मग कागदाला. पुन्हा जिभेला, पुन्हा कागदाला. पाचशे कागद साडेचार मिनिटांत. या अंगठ्याचा कारखान्यात दरारा होता. माझ्याकडून कागद जातात घडीवाल्या बाईंकडे. त्या घड्या घालतात, आणि कागद चिकटले की त्याही बोट जिभेला लावतात. तिथून शिलाईमास्तर, जे सुईत ओवायच्या आधी दोऱ्याचं टोक ओठांत धरतात. मग पुस्तकाच्या पाठीला खळ लावणारे आजोबा, मग कडा कापणारा कटिंगवाला, आणि शेवटी मालक, जे तयार पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उलटून बघतात. तेही अंगठा ओला करूनच. एकूण आमच्याकडचं प्रत्येक पुस्तक वाचकाच्या हातात पडण्याआधी चांगलं भिजलेलं असायचं.

तर चार महिन्यांपूर्वी एका सोमवारी मला सर्दी झाली. साधीसुधी नाही, नाकी नऊ आणणारी. मी अर्थातच कामावर गेलो. योगायोग बघ, त्या आठवड्यात काम चाललं होतं ते निरोगी कसं राहावं या विषयावरच्या एका जाडजूड पुस्तकाचं. त्याच्या एक्केचाळिसाव्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की सर्दी झालेल्याने घरी थांबावं. ते पान मी दोन हजार वेळा मोजलं आणि एकदाही वाचलं नाही.

गुरुवारी घडीवाल्या बाई आल्या नाहीत. शुक्रवारी शिलाईमास्तर गेले. शनिवारी आजोबा, सोमवारी कटिंगवाला आणि मंगळवारी दस्तुरखुद्द मालक. तोवर मी खडखडीत बरा झालेला. अख्ख्या कारखान्यात एकटा मी आणि तो फळा. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! मालकांना फोन करून म्हटलं, काळजी करू नका, मी एकहाती काम पुढे नेतो. नेलंही. घड्या घातल्या, त्या तिरक्या आल्या. शिलाई केली, त्यात शर्टाची बाही तिसऱ्या प्रकरणाला शिवली गेली. (ती सोडवताना प्रकरणही सुटलं.) चाळीस प्रतींना पुठ्ठा उलटा चिकटवला, म्हणजे पुस्तक उघडलं की माणसाने डोक्यावर उभं राहायचं. तो एक व्यायामाचा प्रकार म्हणून खपवता येईल, असं मी सुचवलं होतं. मालकांनी पलीकडून फक्त खोकून दाखवलं.

पुढच्या आठवड्यात सगळे परतले. घडीवाल्या बाईंनी सहज म्हणून हजेरीपत्रक उघडलं आणि एकेक तारीख मोठ्याने वाचली. बाई शाळेत गणितात पहिल्या यायच्या, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. म्हणाल्या, "अहो, आजार कामाच्या क्रमाने गेलाय बघा. कागद जसा टेबलावरून टेबलावर सरकतो, तस्साच. मी, मग मास्तर, मग आजोबा... पण माझ्याआधीचं टेबल कुणाचं?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

मी भयंकर चिडलो, ताई. एकतीस वर्षांच्या सेवेचं हे फळ, असं काहीबाही बोललो आणि डबा न खाता घरी आलो. तुझ्या भावजयीपुढे सगळं गाऱ्हाणं मांडलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता एवढंच म्हणाली, "आणि त्या रविवारी आपण ताईंकडे गेलो होतो."

ते ऐकलं आणि मी बोटांवर दिवस मोजले. तू दवाखान्यात दाखल होऊन त्या दिवशी चार दिवस झाले होते.

त्या रविवारी हिने मला बजावलं होतं, नाक वाहतंय, आज राहू दे. मी म्हटलं, ताई काय परकी आहे? आलो, तुझ्या शेजारी चिकटून बसलो, तुझ्याच पेल्यातलं पाणी प्यायलो, आणि तुझा चष्मा दुरुस्तीला गेला होता म्हणून अख्खं वर्तमानपत्र तुला वाचून दाखवलं, प्रत्येक पान अंगठा ओला करून. छोट्या जाहिरातीसुद्धा सोडल्या नाहीत. मग ते तुझ्या मांडीवर ठेवलं आणि आठ दिवसांनी तुझ्या छातीत कफ भरला. अकरा दिवस तू तिथे होतीस. त्यातले पहिले चार दिवस मी रोज संध्याकाळी बाहेरच्या बाकावर बसून हा आजार ताईच्या घरात कुणी आणला असेल याची चर्चा करायचो. भाच्याच्या ऑफिसवर संशय घेतला, दूधवाल्यावर घेतला, खालच्या मजल्यावरच्या मांजरावरही घेतला. डॉक्टर म्हणाले, नक्की कुणामुळे ते सांगता येत नाही. मला सांगता येतं, ताई. पहिलं टेबल माझं होतं. चार महिने हे मला तुझ्यासमोर बोलता आलं नाही, कारण लाज वाटत होती. आज लिहून टाकलं.

तेव्हापासून मी कानाला खडा लावला. टेबलावर एका वाटीत ओला स्पंज ठेवलाय, पोस्टात असतो तसा. पहिल्या दिवशी पाचशे कागदांना अकरा मिनिटं लागली आणि कटिंगवाल्याने टाळ्या वाजवल्या. (टिंगल होती. आता पाच मिनिटांवर आलोय.) माझं बघून घडीवाल्या बाईंनीही वाटी आणली. मास्तर दोरा मेणावर ओढतात. कागद उडतात म्हणून वर्षानुवर्षं बंद असलेली खिडकी आम्ही उघडली आणि गठ्ठ्यांवर वजनं ठेवली. हवा खेळायला लागली तशी आजोबांच्या विडीचा वास एकदम सगळ्यांच्या लक्षात आला, आधी तो आम्हाला कारखान्याचाच वाटायचा. बाईंनी नाक धरलं, आणि आजोबांनी नुसत्या भिडेखातर विडी सोडली. आता ते जिना एका दमात चढतात आणि वर आल्यावर आपण चढलो हे प्रत्येकाला सांगतात.

मलाही मध्यंतरी पुन्हा नाक गळायला लागलं, तेव्हा मी आयुष्यातली पहिली रजा घेतली. कठीण गेलं गं. तीनदा फोन करून विचारलं, माझ्यावाचून काही अडलंय का? तिन्ही वेळा नाही म्हणाले, आणि तिसऱ्या वेळी तर मागून हसण्याचा आवाज आला. परत गेल्यावर फळ्यावरचं माझं नाव मीच खरवडून काढलं. मग फळाही उतरवला, आणि त्याच्या खिळ्याला आता हात पुसायचा टॉवेल लटकतो.

तर आज. सकाळी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, तुझी भेटवस्तू पिशवीत घेतली आणि निघालो. वाटेत एक शिंक आली. ऊन नाकात गेलं असेल म्हणून मी ती मोजली नाही. दुसरी आली, ती धुळीच्या नावावर टाकली. तिसरीला मात्र कुणाचंच नाव देता येईना. पूर्वीचा मी असतो तर रुमालाने नाक पुसून त्याच हाताने तुला केक भरवला असता. माझं म्हणशील तर पाय अजूनही तुझ्याकडेच ओढतायत. पण तुझी छाती आत्ताशी कुठे मोकळी झालीय, आणि ती तशीच राहावी यासाठी मला करण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे घरात न येणं. एकतीस वर्षं हजर राहण्याला इतकी ताकद लागली नव्हती.

भाच्याला आणि सूनबाईला आशीर्वाद. लांबूनच.

तुझा,
शेपूट

ता. क. पानं चाळून बघ, एकाही कोपऱ्यावर ओला अंगठा नाही. पाकीटही जिभेने नाही, डिंकाने चिकटवलं आहे. तरी वाचून झाल्यावर हात धू.

ता. क. दुसरा. हे पत्र पोस्टाने न येता तुमच्या इमारतीच्या वॉचमनने कसं आणून दिलं, असा प्रश्न तुला पडला असेल. मी येणार नाही असं कुठेच लिहिलेलं नाही. घरात येणार नाही, असं लिहिलंय. पुन्हा वाचून बघ. तिसरी शिंक तुमच्या फाटकापाशी आली. सध्या मी समोरच्या बेकरीच्या बाहेर, झाडाखालच्या टेबलाशी बसलोय, शेजारच्या दुकानातून कागद, पाकीट आणि डिंक घेऊन. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्यामुळे अक्षर असं आलंय. फोन करता आला असता, पण फोनवर तू "वर ये" म्हणाली असतीस आणि मी आलो असतो.

ता. क. तिसरा. आत्ता चौथी आली. बेकरीवाल्याने आपलं पावाचं कपाट बंद करून घेतलं.

ता. क. चौथा आणि खरा. पाच वाजता शाल घेऊन गॅलरीत ये. समोरच्या फुटपाथवर तोंडाला मास्क लावून हात हलवणारा माणूस मीच असेन. भाजी घ्यायला दोरीला बांधून सोडतेस ती टोपली खाली सोड. मी तीत तुझी भेट ठेवीन. (लोकरीचे मोजे. तुझ्या भावजयीने विणलेत, मी फक्त घरं मोजली, कोरड्या बोटाने.) टोपली पुन्हा खाली येईल तेव्हा तीत माझ्या वाटचा केक ठेव. मघाशी तुमचाच केक बेकरीतून वर गेला, तेव्हा मी पाहिलंय, त्याच्यावर एकच चेरी आहे. त्या रविवारबद्दल तू मला माफ केलं असशील तर चेरीचा तुकडा पाठव. केलं नसशील तर साधा पाठव. मी तो इथेच उभा राहून खाईन आणि पुढच्या वर्षी पुन्हा चेरीसाठी येईन. तेवढं ते यंत्र रोज फुंकत जा.