ब्रेकवर पाय ठेवून दिलेली साक्ष

प्रिय दादा,

गाडीचा आरसा फुटला, मला काही झालेलं नाही आणि चूक माझीच आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

रविवारी माझा बाप्तिस्मा आहे. पाळकसाहेबांनी एकच काम सांगितलं: त्याआधी कुणाला तरी साक्ष द्यायची, येशूने माझ्यासाठी काय केलं ते माझ्या शब्दांत सांगायचं. मला वाटलं, त्यात काय एवढं! दिवसभर लोकांना गाडी चालवायला शिकवते मी. पट्टा बांधलेला माणूस पळून पळून जाणार कुठे?

पहिले सापडले निवृत्त मुख्याध्यापक. स्टिअरिंग असं धरतात, जणू कुणी हिसकावून नेणार आहे. मी गोड आवाजात विचारलं की आत्ता या क्षणी मरण आलं तर आपण कुठे जाऊ, याचा कधी विचार केलाय का. समोर वळण होतं. सरांनी डोळे मिटून दोन्ही हात सोडले. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबेपर्यंत आरसा खांबाला लागला होता. सर चालत घरी गेले, आणि बरेच भरभर गेले.

मग ठरवलं, मरणाचं नावच काढायचं नाही. दुसऱ्या दिवशी शिंपीणबाईंना एवढंच म्हटलं की या गाडीत मी कधीच एकटी नसते, कुणीतरी कायम सोबत असतं. बाई सारख्या मागच्या सीटकडे बघायला लागल्या. संध्याकाळी त्यांनी आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांकडे गाडी बदलून मागितली. आता मालक लिंबू-मिरची बांधायचं म्हणतायत!

पण खरं सांगू? या दोघांना सांगणं सोपं होतं. ते हसले तर माझं काय जातं? तू हसलास तर मात्र फार लागेल. आई गेल्यापासून आपण फोनवर फक्त पाण्याच्या टाकीबद्दल बोलतो. तेव्हा मी रोज गाडीत रडायचे, दादा. एकदा गाडी बाजूला घेऊन म्हटलं, प्रभू, आता माझ्याच्याने होत नाही. आणि शेजारी बसून कुणीतरी ऐकतंय असं वाटलं. रडू थांबलं नाही, पण एकटेपणा गेला. माझी साक्ष एवढीच, आणि ती तुलाच सांगायची होती. रविवारी येशील? तुला पटलंच पाहिजे असं नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडून वर येईन तेव्हा समोर आपलं माणूस दिसावं. हसू आलं तर खुशाल हस, पण पहिल्या बाकावर बसून हस.

तुझीच,
धाकटी