फेरमोजणी

स्टोनी बे, मिशिगन
११ डिसेंबर २०२४

प्रिय आर्वो,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र तू तसंच शेगडीत टाकलं नसशील, तर आधी खुशाली. मी बरी आहे. थंडीने गुडघा धरतो, पण दारापासून रस्त्यापर्यंतचं बर्फ अजून मीच उपसते. मांजर म्हातारं झालंय आणि माझ्यासारखंच हट्टी. तू कसा आहेस? रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेतोस ना? लाकडं तोडायला एकटा जंगलात जाऊ नकोस. हे सांगायचा हक्क मला उरलाय की नाही, माहीत नाही. तरी सांगते.

आपल्याला बोलून चार वर्षं झाली. मध्ये मी पाठवलेलं एक कार्ड सोडलं, तर काहीच नाही. त्या कार्डाबद्दल लिहायचं आहे, पण आत्ता नाही. आधी दुसरंच सांगते, कारण गेल्या आठवड्यात मी जे पाहिलं, ते सांगण्यासारखं माझ्या ओळखीत तूच एक आहेस. आमच्या बाजूच्या लोकांना सांगितलं, तर त्यांना त्यातली फक्त हार दिसते.

कॉरीन आठवते ना? काउंटीच्या वृद्धाश्रमातली मुख्य नर्स. आपल्या आईचे केस शेवटची दोन वर्षं रोज विंचरायची, ती. यंदा ती काउंटी मंडळाच्या निवडणुकीला उभी होती. समोरच्या उमेदवाराचं एकच म्हणणं, वृद्धाश्रम विकून टाका. मी कॉरीनसाठी ऑक्टोबरभर दारं ठोठावली. दोन ठिकाणी कुत्री अंगावर आली, एका ठिकाणी माणूस. आणि एवढं करून कॉरीन पडली. दोन मतांनी, आर्वो! अडीच हजारांत दोन. तिने फेरमोजणी मागितली.

मोजायला प्रत्येक टेबलावर एक आमच्या पक्षाचा, एक तुमच्या. मी लगेच नाव दिलं. खरं सांगते, मी मोजायला गेलेच नव्हते. मी पहाऱ्याला गेले होते. तुमच्या लोकांवर.

मोजणी आपल्या शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये होती. तू जिथे चेंडू झेलताना पुढचा दात पाडून घेतलास, तिथेच. माझ्या टेबलावर समोर विल्बर ट्रेंबथ येऊन बसला. वय पंचाहत्तर तरी असेल. उभी हयात काउंटीच्या रस्त्यांवरचं बर्फ काढण्यात गेली. डोक्यावर तुमची ती लाल टोपी. आत येताच त्याने ती काढून कोटाच्या खिशात कोंबली, कारण हॉलमध्ये प्रचाराचं काही चालत नाही. पण मी ती बघितली होती आणि तोंड फिरवलं होतं.

सुरुवातीला नुसते आकडे चालले. मग तोच म्हणाला, "तुम्ही शाळेतल्या ग्रंथालयाच्या बाई ना?"

"हो."

"माझ्या थोरल्याला तुम्ही महिनाभर आत पाऊल ठेवू दिलं नव्हतंत."

"का बरं?"

"भूगोलाच्या पुस्तकात बेडूक घातला होता त्याने."

मला आठवलं. "जिवंत होता हो तो बेडूक!"

"तेच तर. मेलेला असता तर आठवड्यात सुटला असता." आणि तो इतका गंभीर चेहरा करून पुढचा गठ्ठा सोडायला लागला, की मला हसू आवरेना. चार वर्षांत त्या बाजूच्या माणसाबरोबर मी पहिल्यांदा हसले असेन.

आता त्या कागदांबद्दल. पेटी उघडताना एकाने सीलवरचा नंबर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने रजिस्टरमधला वाचायचा, जुळला की दोघांनी "जुळला" म्हणायचं, आणि मग कात्री लावायची. त्यानंतर एकेक मतपत्रिका. ती दोघांच्याही डोळ्यांखालून गेली पाहिजे. मी चाळीस वर्षं छापील कागदांत काढली, पण असे कागद मी जन्मात पाहिले नव्हते. कुणी उमेदवारासमोरचा तो लहानसा लंबगोल इतका दाबून भरलेला, की पाठीमागून बोटाला लागावा. कुणाचा हात थरथरत होता, शाई रेषेबाहेर गेली होती, आणि त्याने तरीही शेवटपर्यंत सगळे गोल भरले होते. एकावर कॉफीच्या कपाचं वर्तुळ. गटारं बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागेवर कुणीतरी आपल्या कुत्र्याचं नाव लिहिलं होतं. एकाने राष्ट्राध्यक्ष म्हणून तुमचा माणूस निवडला होता, सिनेटला आमचा, आणि कॉरीनच्या नावापुढे गोल भरून पुन्हा बाहेरून दुसरा गोल काढला होता. त्याच्या किंवा तिच्या आईचेही केस कॉरीनने विंचरले असतील का? कळायला मार्ग नाही. एकाही कागदावर नाव नसतं. माणूस आला, रांगेत उभा राहिला, आडोशामागे गेला आणि आपली मर्जी ठेवून निघून गेला. आणि ती मर्जी आता माझ्या हातात होती, उघडी, काही वजन नसलेली. माझा आवाज आपोआप खाली आला. चर्चमध्येही तो कधी इतका खाली आला नव्हता. मी पहारा करायचं विसरले.

म्हणजे, विसरले असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातात एक मतपत्रिका आली. मंडळाच्या जागेवर गोल भरलेला नव्हता, म्हणून यंत्राने ती कोरी धरली होती. पण समोरच्या उमेदवाराच्या गोलात, अगदी बारीक, पेन्सिलीची टिचभर खूण होती. नियमाप्रमाणे ते मत होतं. त्याचं. विल्बर तेव्हा चष्मा पुसत होता. मी तो कागद कोऱ्या मतपत्रिकांच्या ढिगात ठेवला.

आर्वो, मी ठरवलं वगैरे नव्हतं. हात गेला. पण डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. मनात एकच आलं: ते लोक काय काय करतात, मग हे एवढंसं.

आयतंच सापडलं, म्हणशील. थांब, पुढे वाच.

तासाभराने विल्बरच्या हातात एक कागद अडकला. त्यावर दोन्ही उमेदवारांचे गोल भरले होते, म्हणून यंत्राने तो बाद केला होता. पण त्यांच्या उमेदवाराच्या गोलावर फुली होती आणि शेजारी म्हाताऱ्या वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'चुकून झालं. मला कॉरीन हवी.' विल्बरने तो कागद माझ्याकडे वळवला. "हे तुमच्या बाईंचं."

त्याच्या मागे त्यांच्या पक्षाचा वकील उभा होता. तो लगेच वाकला. "विल्बर, थांबा. आपण हरकत घेऊ."

"कसली हरकत?"

"दोन खुणा आहेत. बाद ठरवून घेता येईल."

"अरे, त्या माणसाने लिहून सांगितलंय. आणखी काय करायला हवं होतं त्याने, घरी फोन?"

"तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे आहात?"

विल्बरने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "बाजू घेऊन मत देऊन आलो मी, केव्हाच. आज मोजायला बसलोय. तू जरा उजेडातून बाजूला हो, मला दिसत नाहीये."

त्याने तो कागद कॉरीनच्या ढिगात ठेवला, अंगठ्याने कोपरा सरळ केला, आणि पुढचा उचलला. जसं काही झालंच नाही.

मी पुढचा कागद उचलला आणि परत ठेवला. शेवटी मी म्हणाले, "विल्बर, तो कोरा गठ्ठा मला पुन्हा बघायचाय."

त्याने हातातलं खाली ठेवलं. मी एकेक कागद काढत गेले. एकशे चौदा होते. सापडला. मी तो त्याच्यासमोर ठेवला. "हे तुमचं मत आहे. मघाशी मी ते पाहिलं होतं."

त्याने पेन्सिलीची खूण निरखली. "डोळे थकतात हो, बाई."

"डोळे नव्हते थकले."

"ठाऊक आहे मला," तो हळूच म्हणाला. "मी बघत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"गठ्ठा बांधायच्या आधी बोललोच असतो. सोडलं नसतं. पण म्हटलं, अजून वेळ आहे. बाईंना आधी बोलू द्यावं."

समजलं का तुला? मी त्याचं मत दडवलेलं त्याने पाहिलं होतं. त्यानंतर तासाभराने कॉरीनचं मत त्याच्या हातात आलं, आणि तरी त्याने ते तिला दिलं. हिशेब बरोबर करून घ्यायची आयती संधी होती. वकील शेजारी उभा होता. मी त्या माणसाच्या हातांकडे बघत राहिले. नखांत वंगण, एका बोटाचं पेर गेलेलं. चार वर्षं मी ज्यांना 'ते लोक' म्हणत आले, त्यांच्यातले हे हात.

दुसऱ्या एका टेबलावरही कॉरीनचं एक जास्तीचं मत सापडलं, तरी ती एका मताने पडलीच. तो पेन्सिलीचा कागद ढिगात राहिला असता, तर बरोबरी झाली असती आणि चिठ्ठ्या टाकल्या असत्या. मी तिला त्याच दुपारी जाऊन सगळं सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून. ती स्वयंपाकघरात उभी होती, हात पिठात. बराच वेळ तिने ते पीठ मळलं.

"तू गप्प बसली असतीस तर?" तिने विचारलं.

"तर तू कदाचित जिंकली असतीस."

"आणि मला सांगितलं असतंस?"

"नाही."

ती म्हणाली, "मग बरं झालं," पण माझ्याकडे बघून नाही म्हणाली. त्यानंतर तिने फोन केलेला नाही. वृद्धाश्रम विकायचा की नाही, यावर मंडळाचं मतदान मार्चमध्ये आहे. तिथे आज बेचाळीस म्हातारी माणसं राहतात. मी बरोबर केलं हे मला माहीत आहे, आणि तरीही सकाळी उठले की आधी ती बेचाळीस माणसं आठवतात.

आता तुझं आणि माझं.

चार वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या सणाला तू जेवता जेवता म्हणालास, की मोजणारे सगळे चोर असतात. आणि मी म्हणाले, "माझ्या टेबलावर हे चालायचं नाही. ऊठ." तू अर्ध्या ताटावरून उठलास. तुझी बायको, मार्लीन, तीही उठली. तुझा कोट तिने तुझ्या खांद्यावर घातला आणि जाताना माझ्या हातावर हात ठेवून गेली. तुझं म्हणणं खोटं होतं, आर्वो. ते आजही मी मान्य करणार नाही. आता तर मी हात लावून बघून आलेय. पण चोरी करायला हात कसा जातो, तेही बघून आलेय, आणि तो हात माझा होता. एवढं तुला सांगणं भाग होतं.

आणि ते कार्ड. मार्लीन वारली तेव्हा मी तुला लिहिलं की वादळामुळे रस्ते बंद आहेत, अंत्यविधीला येता येत नाही.

रस्ते बंद नव्हते. मी आले होते. दोन तास गाडी चालवून दहा वाजता चर्चच्या आवारात पोचले होते. काळा कोट घातला होता, मांडीवर फुलं होती. दारात तुझ्याभोवती पाच-सहा माणसं उभी होती, आणि त्यातल्या तिघांच्या डोक्यावर त्या टोप्या होत्या. मी मनात म्हटलं, ह्या लोकांतून मी चालत जाणार नाही. तू मध्ये उभा होतास. तुझ्या कोटाची बटणं चुकीची लागली होती, एक घर सोडून. लावून द्यायला घरात कुणी नव्हतं. हे मी काचेतून पाहिलं, आर्वो. पाहिलं, आणि गाडी मागे घेतली. वाटेत पेट्रोल पंपावर थांबून कार्ड घेतलं आणि ते खोटं लिहिलं.

बावीस महिने हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या तिघांपैकी कोण कोण तुझ्याकडे नंतर जेवण घेऊन येत होतं, कोण तुझी लाकडं फोडून देत होतं, हे मला ठाऊक नाही. मी मात्र नव्हते.

क्षमा माग म्हणून कुणी सांगितलं नाही मला. विल्बरनेही नाही. तो फक्त वाट बघत बसला. तूही तसाच बसला आहेस का, हे मला माहीत नाही, आणि तसं धरून चालायचा मला अधिकार नाही. पण मी बोलायला फार उशीर केला, तेवढं मला कळतंय. चुकले मी. तुझं चुकलं असेल ते तू बघ.

माझी मतं बदललेली नाहीत. तुझीही नसतील. पुढच्या निवडणुकीत मी पुन्हा दारं ठोठावीन आणि गुडघ्याला शिव्या देईन.

पुढच्या गुरुवारी, एकोणीस तारखेला, मी येतेय. आधी दफनभूमीत, मार्लीनपाशी जाईन. तिला माझं सांगायचं आहे. मग अकराच्या सुमाराला तुझ्या अंगणात. तुला दार उघडायचं नसेल तर उघडू नकोस, मी समजून घेईन. पण मी गाडीत बसून राहणार नाही. उतरून पायऱ्या चढेन आणि दार वाजवेन. एवढं नक्की.

तुझी थोरली,
हेल्मी