कोपऱ्यातली बडबड

ती. आईस, इतक्या लांबून वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, खोली उबदार आहे. तुझा गुडघा डॉक्टरांना दाखवलास का, की अजून नुसतंच 'जाईन' चाललंय?

आमच्या काचघरात सगळं कॉम्प्युटर बघतो. पाणी, खत, उजेड, अगदी हवासुद्धा. आपण श्वासातून जो वायू बाहेर सोडतो, तोच टोमॅटोला वाढायला लागतो, म्हणून तो नळीने देतात. ओळीओळीत हवा मोजणारं छोटं यंत्र आहे. वायू पुरेसा झाला की नळी आपोआप बंद.

परवा सुपरवायझरबाईंनी बोलावलं. "त्या कोपऱ्यातली झाडं मागे पडलीत. दुपारी तिथला वायू रोज बंद का होतो? कोण असतं तिथे?"

मीच असते. यंत्राला टेकून डबा खाते आणि झाडांशी बोलते. तू मिरचीच्या कुंडीला दटावतेस ना, तश्शीच. माझ्या श्वासामुळे यंत्राला वाटायचं, वायू भरपूर आहे. झाडं उपाशी आणि माझी बडबड चालू.

बाई रागावल्या नाहीत, उलट हसल्या. यंत्र तेवढं उचलून उंच टांगलं. नोकरीला धक्का नाही, जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

मी अजून तिथेच बसते, बोलतेही. फक्त आता ते कुठे उमटत नाही.

आणि फोनवर तू 'कामात असशील' म्हणून लगेच ठेवतेस. दुपारी मी कामात नसते, आई.

तुझी,
धाकटी